हमीदभाई, आज शेडमध्ये कोण झोपणार?

हमीदभाई,

परवा तुमची तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. मशिदीतून आलेली माणसं अंगणात टेकली, भाभींशी दाराआडून दोन शब्द बोलली आणि आपापल्या घरी गेली. दिवस कलला तशी तुमच्या शेडमध्ये रात्री झोपणारी माणसं नेहमीसारखी शटरसमोर येऊन बसली. बोचकी मांडीवर घेऊन, गप्प. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं आणि विचारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. एकटे वॉचमन तात्या तेवढे मान वर करून माझ्याकडे बघत होते. मी स्टँडच्या कठड्यापाशी तिकिटाचं मशीन हातात धरून उभी होते आणि मला पाय उचलता येईना.

थंडी वाढलीय, भाई. हिर्डोशीकडून गाडी घेऊन येताना खिडक्या बंद केल्या तरी बोटं आखडतात. दरवर्षी अशी थंडी पडली की मी तुमच्या दुकानात येऊन तुमच्यावर चिडायचे. यंदा चिडायला समोर कुणी नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

तुमचं वय किती होतं, तुमचे वडील भोरात कुठून आले, हे मला अजून धड माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की स्टँडसमोरच्या बोळाच्या तोंडाशी तुमचं गादीचं दुकान होतं, मागे कापूस पिंजायची पत्र्याची शेड होती, तिच्या मागे घर होतं, आणि तुमच्या भुवयांवर कायम कापूस बसलेला असायचा. मी नुकतीच भोर डेपोला कंडक्टर म्हणून आले होते तेव्हा मला वाटायचं, हा माणूस म्हातारा आहे. जवळून बघितल्यावर कळलं की तो कापूस आहे.

तुम्हाला ती डोळ्याला पट्टी बांधलेली आजी आठवते? ती वेल्ह्याकडची. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला भोरला आली होती. सुट्टी झाली, पुतण्या जीप घेऊन येणार होता, आला नाही. मी हिर्डोशीची गाडी लावून खाली उतरले तर ही बाकड्यावर बसलेली, एक डोळा झाकलेला आणि दुसऱ्याने येणाऱ्या प्रत्येक गाडीत पुतण्याला शोधतेय. वेल्ह्याकडे जायला आता काही नव्हतं. नसरापूरपर्यंत एखादी वडापची जीप मिळाली असती, पण पट्टी बांधलेल्या बाईला हायवेवर सोडायचं म्हणजे झालं. स्टँडचा रखवालदार मला म्हणाला, "मॅडम, हितं झोपू द्यायची परवानगी न्हाई. म्या तरी काय करू?" तोही तोंड पाडूनच म्हणाला.

मी तुमच्या दुकानात आले. आपली तोवर ओळखसुद्धा नव्हती.

"भाई, एक जुनी गोधडी मिळंल का? सकाळी आणून देते."

"कुणाला पायजे?"

"एक म्हातारी अडकलीय स्टँडवर. डोळ्याचं आप्रेशन झालंय."

तुम्ही हातातली सुई गादीत खोचली. "मग गोधडी कशाला न्हेता? म्हातारीलाच हिकडं घिऊन या की."

मी दोन्ही बाजूंनी बघितलं. परका माणूस, पत्र्याची शेड, आत अंधार. तुम्हाला माझं तोंड वाचता आलं असावं, कारण तुम्ही आत वळून हाक मारली, "रेहाना, पाहुनी येतीय गं." भाभी पदराला हात पुशीत बाहेर आल्या आणि मग मला श्वास घेता आला.

आजीला तुम्ही नवीकोरी गादी घालून दिलीत. ती तिच्यावर बसली आणि म्हणाली, "ही लई मऊ हाय बाबा. माझी पाठ दुखंल. काय तरी कडक दे." भाभी इतक्या हसल्या की त्यांना भाकरी परतायची आठवण राहिली नाही. सकाळी पुतण्या आला, धावतपळत. जीप घाटात बंद पडली होती बिचाऱ्याची. आजीने जाताना तुमच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि तिच्या हाताला कापूस लागला.

मला वाटलं, झालं, एक दिवसाचं होतं. पण एकदा माणसाला कळलं की कुठं तरी दार उघडतंय, ते लपून राहत नाही. चहावाला पाठवायला लागला, रखवालदार पाठवायला लागला, मी तर पाठवतच होते. दवाखान्यातून सुटलेले आणि घरी न्यायला कुणी न आलेले. ठेकेदाराने टेम्पोतून आणून स्टँडवर सोडलेले मजूर, ज्यांना काम कुठं आहे हेही सांगितलेलं नसायचं. शेवटची गाडी चुकलेले. घरातून बाहेर काढलेले. काही एक रात्र, काही आठवडाभर, आणि तात्या तर तुमच्याकडेच राहिले. वरव्याकडच्या एका कारखान्यावर ते वॉचमन होते. कारखाना बंद झाला, त्याबरोबर फाटकाजवळची त्यांची खोलीही गेली. खोली गेल्यावर ते काही दिवस स्टँडच्या पाठीमागे झोपायचे, अंगावर युनिफॉर्म तसाच. तुम्ही त्यांना म्हणालात, "तात्या, हितं वॉचमन लागतोय." पगार नाही काही नाही. पण त्या दिवसापासून ते युनिफॉर्मला इस्त्री करायला लागले.

आणि मी काळजी करायला लागले. तुम्ही हसायचात, "ताई, तुमाला एसटीत पगार काळजीचा मिळतो का तिकिटाचा?" पण भाई, ती शेड काळजी करण्यासारखीच होती. चारी बाजूंनी कापूस. मध्ये ते पिंजायचं यंत्र, त्याचे दात मी बघितले होते. आणि येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या खिशात विडीबंडल. मला झोपेत आगीचा वास यायचा. मी तुमच्याशी आठवडाभर भांडले तेव्हा कुठं तुम्ही दारात बिस्किटाचा रिकामा डबा ठेवलात आणि प्रत्येकाची काडेपेटी त्यात टाकून घ्यायला लागलात. तात्यांनी पहिल्याच दिवशी काडेपेटी टाकली आणि लायटर कमरेला ठेवला. मी तो बघितला. मी ओरडले तर तुम्ही मलाच म्हणालात, "त्येंचा मान राहू द्या, मी सांगतो त्येंना." काय सांगितलंत देव जाणे, पण तात्या विडी ओढायला रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागले, भर थंडीत सुद्धा.

मग मंगल आली.

ती नसरापूरच्या बाजूची. कडेवर मुलगी, ओठ फुटलेला. दुपारच्या गाडीने आली आणि संध्याकाळपर्यंत बाकड्यावरच बसून राहिली. कुठं जायचं विचारलं तर म्हणाली, "कुठंबी." मी तिला तुमच्याकडे आणलं खरं, पण त्या दिवशी आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी म्हणाले, भाई, हिला इथं ठेवू नका. इथं पुरुष झोपतात, शेडला बाहेरून एकच दार, नवरा शोधत आला तर? पुण्यात बायकांसाठी सोय असते, तिकडे पोचवू. तुम्ही म्हणालात, "पोचवू की. पन तिनं म्हनलं तर." मी म्हणाले, तिला काय कळतंय आता, तिचं डोकं ठिकाणावर आहे का? तुम्ही उठून तयार गाद्या एकावर एक रचायला लागलात. शेडच्या एका कोपऱ्यात छातीएवढी भिंत उभी केलीत, गाद्यांची. भाभी आपलं अंथरूण घेऊन त्या भिंतीपलीकडे गेल्या आणि तेव्हापासून बायकांची बाजू त्यांची झाली.

मला ती भिंत पटली नव्हती. माणूस लोटून देईल अशी भिंत, तिला काय भिंत म्हणायचं? मी हे तुम्हाला बोलून दाखवलं. मंगल मात्र त्या रात्री झोपली. भाभींनी मला सकाळी सांगितलं, पोरीच्या आधी आईच झोपली, पायातली चप्पल न काढता.

नवरा आला तो सकाळी. तुम्ही ही गोष्ट लोकांना सांगायचात तेव्हा विनोदी करून सांगायचात, पण मला तेव्हा हसू आलं नव्हतं. मी गाडी काढायच्या आधी चहा घेत होते. एक माणूस तुमच्या दुकानासमोर दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आत शिरला आणि म्हणाला, "गादी करायची हाय." बोलता बोलता त्याची नजर तुमच्या खांद्यावरून मागे शेडकडे जात होती. तुम्ही त्याला बसवलंत. डबल का सिंगल, विचारलंत. मग म्हणालात, "उभं ऱ्हावा जरा, उंची बघू द्या," आणि टेप लावून त्याची उंची मोजायला घेतलीत. पाठ शेडकडे करून उभं केलंत त्याला. सरकी काढलेला कापूस वेगळा, मिलचा वेगळा, सावरीचा तर आणखी वेगळा, एकेक बोचका सोडून त्याच्या हातात देत होतात. मी कप ठेवला आणि मागच्या बोळाने पळाले. भाभींनी मंगलला आधीच उठवलं होतं. मुलीच्या तोंडात साखरेचा खडा कोंबला, तिने रडू नये म्हणून. आम्ही घराच्या दाराने निघालो, डेपोच्या मागल्या बाजूने आत आलो आणि मी दोघींना शेवटच्या सीटखाली बसवलं, सीटवर नव्हे.

गाडी स्टँडवरून निघताना मला तुमचं दुकान दिसलं. तुम्ही त्या माणसाला कापडाचे तागे दाखवत होता. फुलाफुलांचं की पट्ट्यापट्ट्यांचं.

हिर्डोशीपर्यंत मी दर वळणावर मागं बघत होते. एक मोटरसायकल देवघरच्या धरणाच्या पाण्यापर्यंत आमच्या मागे होती. मी तिकिटं फाडतेय का मशीनची बटणं दाबतेय, मला कळत नव्हतं. मोटरसायकल एका वाडीला वळली आणि मी दांडीला धरून खाली बसले. मंगल सीटखालून म्हणाली, "बाई, गाव आलं का?" मी म्हटलं, "न्हाई आलं, पन तू वर बस आता." माझ्या माहेरी, हिर्डोशीत, ती भात झोडपून संपेपर्यंत राहिली. नंतर तिनेच म्हटलं, पुण्याला जाते. तिनेच म्हटलं, भाई. तुम्ही म्हणाला होतात तसं.

पण आपलं खरं भांडण पुढेच आहे आणि ते मिटलेलं नाही. त्या माणसाने गादी सांगितली होती आणि तुम्ही ती केलीत. मी दुपारी दुकानात आले तर तुम्ही त्याचीच गादी भरत होता, आणि हलका कापूस नव्हता तो, चांगल्यातला चांगला होता. माझं डोकंच फिरलं.

"त्या माणसासाठी करताय?"

"आर्डर घेतलीय, ताई."

"घेतली ती त्याला गुतवायला घेतली."

"त्याला काय म्हाईत? त्याच्या लेखी गादीच हाय." तुम्ही टाका ओढलात. "त्याला जरा नीट झोप लागली तर बरंच की."

"मारणारी माणसं गाढ झोपतात, भाई," मी म्हणाले. "जागी ऱ्हाते ती मार खाणारी."

तुम्ही सुई थांबवलीत. मग पुन्हा शिवायला लागलात. त्याने गादी नेली. ती नेताना त्याने तुम्हाला विचारलं म्हणे, एक बाई दिसली का लहान पोरगी घेऊन. तुम्ही म्हणालात, "स्टँडसमोर दुकान हाय दादा, दिसभर बायाच दिसत्यात." हे ऐकून मला हसू आलं, पण माझा राग गेला नाही. मी बरोबर होते असं मला अजून वाटतं. तुमचं काय म्हणणं होतं ते तुम्ही कधी पुरतं सांगितलंच नाही. मी विचारलंही नाही. आपण रोज भेटत होतो ना, कधीही विचारता आलं असतं.

तुमच्या खोकल्याचंही तेच. मी म्हणायचे, तोंडाला फडकं बांधा. तुम्ही बांधायचात आणि कुणी आलं की बोलायला खाली ओढायचात, आणि तुमच्याकडे सतत कुणीतरी यायचंच. आयुष्यभराचा कापूस तुमच्या छातीत जाऊन बसला होता. हा हिवाळा सुरू झाला तेव्हा तुम्हाला दुकानाची पायरी चढताना थांबावं लागत होतं. तरी शेडच्या दाराशी झोपायचं सोडलं नाहीत. मी म्हणाले, दाराला फट आहे, वारं लागतं, आत झोपा आणि दाराला कडी लावा. ते तर आपलं रोजचंच भांडण. मी कडी लावा म्हणायचे, तुम्ही दार नुसतं लोटून ठेवायचात.

तुम्हाला पुण्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली त्या सकाळी मी ड्यूटीवर निघाले होते. तुम्ही मागच्या सीटवर उशीला टेकून बसला होतात. मला खुणेनं जवळ बोलावलंत. बोलायला दम पुरत नव्हता.

"ताई, कडी लावू नका. अवेळी आलेल्याला वाजवायची लाज वाटती."

मी "बरं" म्हणाले. मनात ठरवलं होतं की तुम्ही येईपर्यंत तरी तात्यांना कडी लावायला सांगायचंच. तुम्हाला कळलं असणार. तुम्ही हसलात आणि गाडीची काच वर गेली.

तुम्ही गेल्याचं मला फोनवर कळलं नाही. मी हिर्डोशीला होते, तिथं रेंज नाही. परत आले, गाडी स्टँडमध्ये वळली, आणि दिसलं की भरदिवसा शटर खाली आहे आणि शेडमधली माणसं रस्त्याच्या कडेला ओळीने उभी आहेत. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. गाडीतली माणसं उतरायची घाई करत होती, एक बाई सुट्ट्यासाठी माझी बाही ओढत होती. मी तिला सुट्टे दिले. सगळे उतरल्यावर मग मी खाली उतरले.

तुमच्या मय्यतीला किती माणसं होती ते तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून मी घरात भाभींजवळ बसले. पण वाटेला लागेपर्यंत बघितलं मी. पुढे तुमची बिरादरी, मागे डेपोचे ड्रायव्हर, रिक्षावाले, आणि सगळ्यात मागे शेडमधले. खांदा द्यायला पुढे होऊ की नको, अशा अंतरावरून चालणारे. तुमच्या मुलाने, अस्लमनेच मागे वळून तात्यांना पुढे घेतलं.

अस्लम चांगला मुलगा आहे, भाई. तुम्ही उगाच म्हणायचात की पुण्याला गेल्यापासून तो हिशेबी झालाय. काल त्याने मला दुकानात बसवलं आणि म्हणाला, "ताई, अब्बांनी केलं ते चांगलंच केलं. पण उद्या आत काही झालं तर जबाबदार कोण? कापूस आहे, मशीन आहे, परकी माणसं आहेत. आणि अम्मी तर आता बाहेर पडणार नाही."

ते मला सुचलंच नव्हतं. भाभी इद्दतीत बसल्यात. पुढचे चार महिने त्या परक्या माणसांसमोर येणार नाहीत, घराचा उंबरा ओलांडणार नाहीत. म्हणजे गाद्यांच्या भिंतीपलीकडची बाजू मोकळी. उद्या एखादी मंगल आली तर तिच्या शेजारी कोण झोपणार?

आणि भाई, अस्लम बोलत होता ती माझीच वाक्यं होती. जबाबदार कोण, कापूस आहे, परकी माणसं आहेत. इतकी वर्षं मी हेच तुमच्यासमोर म्हणत आले. कुणीतरी तुम्हाला हे ठणकावून सांगावं असं मला वाटायचं. आता सांगणारा मिळाला आणि मी तुमच्या जागेवर बसले होते. मला वाटलं होतं मी म्हणेन, खरंय बाबा, बंद कर. माझ्या तोंडून निघालं, "हिवाळाभर तरी ठेव."

"आणि जबाबदारी?"

"माझी."

मी काही तुमच्यासारखी नाही. तुम्ही जबाबदारी हा शब्दच कधी वापरला नाहीत, तुम्ही नुसतं दार उघडायचात. मी मात्र अस्लमला अटी सांगितल्या. कापसाचे बोचके सगळे पुढं दुकानात हलवायचे. मशीनची वायर संध्याकाळी काढून ठेवायची. गाद्यांच्या भिंतीच्या जागी प्लायवूड आणि त्याला दार. बायकांच्या बाजूला मी झोपणार. बाहेरगावच्या मुक्कामाची ड्यूटी बदलून मागितलीय, डेपोतून अजून उत्तर नाही. नगरपालिकेतही जाऊन आले, रात्रीच्या निवाऱ्याचं काही होतं का बघा म्हटलं. साहेब नीट बोलले, बघतो म्हणाले. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "दिसभर एसटीत माणसं पुरत न्हाईत का तुला?" आणि जेवण झाल्यावर स्वतःच माझं अंथरूण गाडीला बांधून शेडमध्ये आणून टाकलं.

अस्लम हिवाळ्यापुरतं हो म्हणालाय. पुढचं नंतर बघू, म्हणाला. शेड विकायचा विचार त्याच्या मनात असेल तर मी त्याला दोष कसा देऊ? तो तुमचा मुलगा. तुमचं घर. मी स्टँडवरची एक बाई.

काल माझा तिथला पहिला मुक्काम होता. आत तात्या होते, दोन मजूर होते, आणि माझ्या बाजूला दवाखान्यातून सुट्टी झालेली एक बाळंतीण आणि तिची आई. त्यांची जीप सकाळी येणार होती. निजानीज व्हायच्या सुमाराला एक माणूस आला, प्यायलेला. पाय ठरत नव्हते आणि तोंडात शिव्या होत्या. तात्या दारात उभे राहिले. मी पुढे झाले.

"आज न्हाई. आत बाळंतीण हाय. तू पिऊन आलायस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गादीवाला कवा न्हाई म्हनला न्हाई."

भाई, हे वाक्य मला मारल्यासारखं लागलं. मी त्याच्या हातात रजई दिली. त्याने ती रस्त्यावर फेकली आणि पत्र्यावर लाथ घातली. बाळ दचकून रडायला लागलं. मी दार लावलं. कडी घातली.

मग मी जागीच राहिले. बाळंतिणीची आई मला म्हणाली, "बरं केलंत बाई." मला बरं वाटलं नाही. बाहेर हिव पडत होतं. मी कान लावून होते, तो परत वाजवेल म्हणून. त्याने वाजवलं नाही. तुम्ही असता तर काय केलं असतंत, ते मी नाना तऱ्हेनं मनात चालवून बघितलं. तुम्ही त्याला दाराशी तुमच्या जागेवर झोपवलं असतंत आणि स्वतः त्याच्या आणि आतल्या माणसांच्या मध्ये बसून राहिला असतात. माझ्यात ते बळ नाही. मला आतलं बाळ दिसत होतं. पण बाहेरचाही दिसत होता, त्याचं मी काय करू?

उजाडायला लागलं तशी मी कडी काढून बाहेर पडले. रजई रस्त्यावर नव्हती, कुणीतरी नेली असणार. स्टँडच्या मागे बघितलं, बाकड्यांखाली बघितलं, नदीकडच्या उतारावर जाऊन आले. कुणाचं नाव घेऊन हाक मारणार? नावही विचारलं नव्हतं.

तो चहाच्या टपरीपाशी होता. शेगडीला चिकटून बसला होता, केसांवर दंव, ओठ निळे, हातात कप. चहावाला मला म्हणाला, "पहाटं आलो तर हितंच पडलेला." मी समोर जाऊन उभी राहिले. उतरली होती त्याची. त्याने मला ओळखलं नाही. माझा गणवेश बघून तो एवढंच म्हणाला, "मॅडम, हिर्डोशीची कवा लागती?"

"लागंलच आता," मी म्हणाले आणि चहावाल्याकडे पाठ करून डोळे पुसले.

मी चुकले की बरोबर होते, मला अजून ठरवता आलेलं नाही. आज पुन्हा कुणी तसा आला तर मी पुन्हा दार लावेन, असं मला वाटतं. आणि पुन्हा उजाडताच शोधायला निघेन. तुम्हाला हे पटणार नाही. बोला की मग, भाई. कधी नाही ते मी ऐकून घेईन.

तो माझ्याच गाडीत बसला. हिर्डोशीच्या अलीकडच्या एका वाडीचं तिकीट घेतलं, मागच्या सीटवर जाऊन खिडकीला डोकं टेकलं आणि गाडी भोरमधून बाहेर पडायच्या आत झोपला. धरणाच्या कडेने जाताना ऊन सीटवर आलं. तो ऊन खात, तोंड उघडं टाकून झोपला होता, अंग सैल सोडून. वाडी आली. ड्रायव्हरने गाडी थांबवली, आरशातून मागे बघितलं.

"मॅडम, त्याला उठवा. गाव आलं त्याचं."

"असू द्या," मी म्हणाले. "येताना उतरंल."

आणि डबल बेल दिली.